टाच खाली, गुडघे लांब

४ फेब्रुवारी, मंगळवार

कामाला लागलो. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, आणि तेही पोटच्या पोरीच्या हाताखाली!

हकीकत अशी. पोरगी आणि जावईबापू मिळून झाडं उतरवण्याची कंपनी चालवतात. 'तोडण्याची' म्हटलं की पोरगी डोळे वटारते. दोन घरांच्या मध्ये अडकलेलं किंवा छपरावर झुकलेलं वाळकं झाड सरळ आडवं पाडता येत नाही. कुणीतरी वर चढून, शेंड्यापासून सुरुवात करून, तुकड्या-तुकड्याने ते खाली आणावं लागतं. म्हणून 'उतरवणं'. वर चढते ती, खाली दोर सांभाळतात जावईबापू. जावईबापूंना बल्ब बदलायला स्टुलावर उभं केलं तरी गरगरतं, त्यामुळे ती आशा नाही. आणखी एक चढणारा होता, पण गेल्या महिन्यात त्याला बोटीवर नोकरी लागली आणि तो गेला. पोरीचा नियम असा, की वरच्या माणसाला काही झालं तर वर जाऊन त्याला खाली आणू शकेल असा दुसरा चढणारा जमिनीवर तयार हवा. तो नसेल तर कुणीही झाडाला हात लावायचा नाही. म्हणजे महिनाभर काम ठप्प.

त्यात शाळेचं काम ठरलेलं. मैदानाच्या कोपऱ्यातलं निलगिरीचं झाड पार वाळलंय आणि वाचनालयाच्या छपराकडे झुकलंय. मुलांच्या सुट्टीत, २३ मार्चला, ते उतरवायचं. जमलं नाही तर मुख्याध्यापिकाबाई दुसऱ्या कुणाला बोलावणार. असं एखादं मोठं काम हातचं गेलं तर कंपनीला टाळं लागेल. पोरगी तसं म्हणत नाही, पण जावईबापूंचा चेहरा काही लपवू शकत नाही.

मी टेलिफोन खात्यात बावीस वर्षं लाकडी खांब चढलो. पायांना लोखंडी काटे बांधायचे आणि खांबात रोवत सरसर वर. मग तारा जमिनीखाली गेल्या, खांब निघाले आणि आम्हाला ऑफिसात खुर्च्या दिल्या. पाच वर्षांत माझ्या पाठीला खुर्चीचा आकार आला, मग मुदतीआधीच निवृत्ती घेतली. म्हणून पोरीने "बाबा, याल का?" असं विचारलं, तेव्हा तिचं वाक्य संपायच्या आत मी माळ्यावरून काटे काढायला निघालो होतो.

"शिकावं लागेल पण," ती म्हणाली.

मला! शिकावं लागेल! स्वयंपाकघरातून हिने, म्हणजे पोरीच्या आईने, खोकल्यासारखा आवाज केला. तो खोकला नव्हता.

कंपनीची एक वही आहे, गाडीत दाराशी टांगलेली. दिवसभरात काय झालं ते त्यात लिहायचं, कुणाचा पाय सुटला तर तेसुद्धा. ती वही पोरगी वाचते. म्हणून ही दुसरी, माझी.

५ फेब्रुवारी, बुधवार

लाकडाच्या वखारीमागे एक कापायला ठरवलेलं जुनं झाड आहे, त्यावर शिकवणी. मी काटे बांधले, खोडाला लाथ मारली आणि चार पावलं चढलो. पाचव्या पावलाला साल सोलपटासारखी निघाली आणि मी होतो तिथे परत, जमिनीवर.

पोरगी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. माझा काटा हातात घेऊन तिने आपल्या काट्याशेजारी धरला. माझा बोटाच्या दोन पेरांएवढा, तिचा त्याच्या दुप्पट.

"हे खांबाचे काटे. खांबाला साल नसते. झाडावर तुमचा काटा सालीतच राहतो, लाकडापर्यंत पोचत नाही."

मग मला नवे लांब काटे मिळाले. जुने मी पिशवीत घालून घरी आणले. बावीस वर्षं इमानाने टिकले बिचारे, त्यांचा अपमान नको.

आणखी एक. काटे मी मशीनच्या चाकावर लावून झटपट धार काढायला निघालो, तर तिने हातातून हिसकावून घेतले. लोखंड तापलं की टोक मऊ पडतं म्हणे. कानशीने, हाताने, सावकाश. अर्धा दिवस कानस घासत बसलो. वर काट्यांवर रबरी नळीचे तुकडे टोप्यांसारखे घालायचे, आणि जमिनीवर दोन पावलंसुद्धा काटे बांधून चालायचं नाही. हे तिने सांगितलं तेव्हा मी काटे बांधूनच गाडीत चढत होतो. पायपुसण्याची चाळण झाली.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज असा मूर्खपणा केला की लिहायलाही लाज वाटते, पण हसूही आवरत नाही.

दातांच्या डॉक्टरांच्या अंगणात एक डेरेदार झाड आहे, हिरवंगार. त्याची एक फांदी खिडकीवर येते, तेवढीच छाटायची होती. पोरगी वर जाणार होती, आणि मी जमिनीवर तयार राहायचं होतं. म्हणजे नुसतं नावाला. काम सोपं, शिडीच्या उंचीचं. ती डॉक्टरांशी बोलायला आत गेली. मी म्हटलं, तेवढ्यात आपणच आटपून टाकू, पोरगी खूश होईल. काटे बांधले आणि चढलो. सुंदर चढलो! लांब काटे लोण्यात सुरी जावी तसे जात होते.

फांदी कापून खाली उतरलो तेव्हा पोरगी आणि डॉक्टर दोघंही दारात उभे. पोरीचा चेहरा लाल. डॉक्टर खोडाजवळ गेले, चष्मा वर केला आणि बोटाने मोजू लागले.

"चौदा," ते म्हणाले. "मी आयुष्यभर भोकं बुजवतोय, आणि तुम्ही दहा मिनिटांत चौदा पाडलीत."

जिवंत ठेवायच्या झाडावर काटे कधीच वापरायचे नाहीत. प्रत्येक भोक म्हणजे जखम, त्यातून कीड शिरते, बुरशी शिरते. काटे फक्त उतरवायच्या झाडासाठी. खांब मेलेलाच असतो, त्यामुळे मला हे कधी सुचलंच नाही. मी झाडाची माफी मागितली. खरंच मागितली, हात टेकून. डॉक्टर इतके हसले की त्यांनी माझी दाढ फुकट तपासली. एक किडलेली निघाली.

पोरीने परतताना गाडीत एवढंच विचारलं, "मी खाली नसताना वर का गेलात?" मी म्हटलं, भोकांबद्दल ओरड ना, त्याचं काय घेऊन बसलीस! ती खिडकीबाहेर बघत राहिली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

"टाच खाली, गुडघे लांब!"

हे आज मी किमान दोनशे वेळा ऐकलं. खांबावर मी गुडघे जवळ घेऊन, खांबाला बिलगून चढायचो. पोरगी म्हणते, बिलगलात की काटा उभा होतो आणि लाकडातून निसटतो. मागे रेलायचं, कमरेच्या दोरावर भार टाकायचा, गुडघे खोडापासून दूर, बोटं वर, टाच खाली. मग काटा तिरका आत घुसतो आणि तुमचंच वजन त्याला धरून ठेवतं. पावलं छोटी. घाईने लांब ढांग टाकली की मेलात.

मन मागे रेलायला तयार होत नाही. घाबरलेलं माणूस जवळ ओढून घेतं, आणि इथे जवळ घेतलं की पडतं. सगळं उलटंच. पण दुपारी एकदा जमलं! पंचवीस फुटांवर दोर ताणून मागे रेललो, हात मोकळे सोडले, आणि खुर्चीपेक्षा आरामात उभा राहिलो. वखारीची छपरं, दोरीवर वाळणाऱ्या चादरी, तीन रस्ते पलीकडची आमची गॅलरी, सगळं दिसलं. इतका आनंद झाला की मी शिट्टी वाजवली. पाच वर्षांत मी शिट्टी वाजवली नव्हती हे तेव्हा लक्षात आलं.

पोरगी खाली चढण्याचा पट्टा बांधून उभी. मी वर असलो की ती पट्टा काढत नाही, जेवतानासुद्धा नाही. सगळी बकलं लावून डबा खाते. कंपनीची जाहिरात, दुसरं काय!

१७ फेब्रुवारी, सोमवार

दुसरा दोर आला. कमरेचा दोर खोडाभोवती असतोच. पण फांद्या नसलेल्या खोडावर पाय सुटले तर तो दोर तुमच्यासकट खाली घसरत येतो. म्हणून चढायच्या दोराचा खोडाला फास टाकायचा. वजन पडलं की फास आवळतो आणि माणूस जागच्या जागी लटकतो. करवत सुरू करण्याआधी दोन्ही हवेतच. आणि चढता-उतरताना फास प्रत्येक दोन पावलांनी सरकवायचा. कंटाळवाणं काम.

"खांबावर फास नव्हता?" जावईबापूंनी विचारलं.

"नव्हता."

"मग पाय सुटला तर?"

"सुटतच नव्हता," मी म्हणालो. पोरीने माझ्या डाव्या नडगीकडे पाहिलं आणि दोराची गुंडाळी करायला लागली.

एकदा सुटला होता, पण ते कुणाला माहीत नाही. पोरगी आठ वर्षांची असेल. वीस फुटांवरून खांबाला मिठी मारत मी थेट खाली आलो. डावी नडगी फाटली, छातीत कुसळंच कुसळं. आमच्या टोळीत पडलेल्या माणसाला पुढे वर्षभर नावं ठेवायचे, म्हणून मी कपडे झटकले आणि कुणाला कळू दिलं नाही. घरी सांगितलं सायकलवरून पडलो. ही बिचारी भोळी. चिमट्याने छातीतली लाकडी कुसळं तासभर काढत बसली, पण एक प्रश्न विचारला नाही. थाप अशी पचली की आजही कधी आठवली की स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सुतारकामाच्या कारखान्यामागचं झाड उतरवायला घेतलं. माझं पहिलं खरंखुरं काम! शेंडा पोरीने उतरवला, मधला भाग मला दिला. तीन ओंडके मी कापले आणि जावईबापूंनी दोराने अलगद खाली घेतले. कारखान्यातले सुतार चहा सोडून बघत होते. मी जरा भाव खाल्ला, नाकारत नाही.

चौथ्या ओंडक्यासाठी खाली सरकायचं होतं. फास दर दोन पावलांना सोडा, सरकवा, आवळा. म्हटलं, सहा पावलं तर उतरायची आहेत. फास सोडून खांद्यावर टाकला आणि नुसत्या कमरेच्या दोरावर उतरू लागलो. खांबावर उतरायचो तसा, बिलगून.

दोन्ही काटे एकदम सुटले.

तीन फूट घसरलो असेन. मग कमरेचा दोर एका तुटक्या फांदीच्या खुंटावर अडकला आणि मी थांबलो. खुंट नसता तर तीस फूट होते. जावईबापू पलीकडच्या बाजूला होते, पोरगी त्याच क्षणी गाडीतून पाचर काढत होती. सुतारांना वाटलं मी मजेत घसरलो. एकाने टाळी वाजवली.

मी फास टाकला, काटे रोवले आणि काम पूर्ण केलं. हात थरथरत होते, पण करवतीने हात थरथरतातच.

वहीत काही लिहिलं नाही. लिहिलं तर ती मला वर पाठवणार नाही. महिन्यावर शाळा आली. मी वर गेलो नाही तर कंपनीचं काय होईल? हे मी कंपनीसाठीच केलंय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कंपनीसाठीच केलंय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

झाडाने चहाडी केली.

वखारीत गुरुवारचे ओंडके रचत होतो. पोरीने एक उलटवला, त्यावरून बोटं फिरवली आणि थांबली. सालीवर दोन ओरखडे, शेजारी शेजारी, समांतर, तीन फूट लांब. त्यांच्या वरच्या टोकाशी खुंट, आणि खुंटाच्या बुडाशी दोर घासल्याची खूण. पावसाने धुऊन जावं असं ते नव्हतं. वाचता येणाऱ्याला छापील मजकूर होता तो.

"फास कुठे होता?" तिने विचारलं.

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण त्या ओरखड्यांसमोर थाप सुचेना. म्हणालो, "खांद्यावर."

जावईबापू मटकन ओंडक्यावर बसले. पोरीने तो ओंडका बाजूला ठेवला. मग म्हणाली, "बाबा, तेव्हा सायकल घरात नव्हती. पंक्चर काढायला दिली होती."

मला कळेना हे मध्येच काय.

"मी तुमचा डबा घेऊन आले होते. कोपऱ्यावर उभी होते. तुम्ही वरून खाली आलात, उठलात, कपडे झटकलेत आणि इकडेतिकडे पाहून हसलात. मला वाटलं तुम्ही मेलात. मग वाटलं मेलेला माणूस हसत कसा असेल. मी धावत घरी गेले, आईला सांगितलं. आणि संध्याकाळी तुम्ही म्हणालात, सायकल."

ती रडत नव्हती. तिचा आवाज कामाच्या सूचना देताना असतो तसाच होता, तेच सोसवेना.

"त्यानंतर तुम्ही रोज कामाला जायचात आणि मी रोज कोपऱ्यावर येऊन उभी राहायचे. दोन वर्षं. कारण पडलात तरी तुम्ही सांगणार नाही हे मला माहीत होतं. वही त्यासाठी आहे, बाबा. पाय सगळ्यांचा सुटतो. माझाही सुटतो, वहीत बघा, अकरा वेळा आहे. पण जो सांगत नाही त्याला मी वर नाही पाठवू शकत. माझ्याने होत नाही."

म्हणजे झाडावर बंदी. आणि मी नाही तर तीही नाही, कारण खाली कुणी नाही. मुख्याध्यापिकाबाईंना शनिवारपर्यंत कळवते म्हणाली.

मला लाज वाटतेय. लाज पडल्याची नाही. आठ वर्षांची ती कोपऱ्यावर उभी, हातात डबा. दोन वर्षं! आणि मी शिट्टी वाजवत घरी यायचो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"सायकलवरून पडून छातीत लाकडं घुसतात का हो?" ही म्हणाली. हातातली कात्री तिने खाली ठेवली नाही, उशीचा अभ्रा बेतत होती.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या झोकात सांगत होतात. कुत्रा आडवा आला, मी वळवली, घंटी तुटली. घंटीपर्यंत आलात तेव्हा माझ्याने मोडवेना. वाटलं, एक दिवस स्वतःहून सांगाल." मग कापड झटकून म्हणाली, "पंचवीस वर्षं लागतील असं नव्हतं वाटलं. आणि नंतर विचारायची भीतीच बसली. विचारलं तर पुन्हा घंटी तुटेल."

शेंडी मी हिला लावली असं समजत होतो. माझ्याइतका गाढव माणूस या घरात दुसरा नाही.

१ मार्च, शनिवार

सकाळी पोरीच्या घरी गेलो आणि गाडीतली वही मागून घेतली. तिथेच, टपावर ठेवून लिहिलं:

'२० फेब्रुवारी. दोन्ही पाय सुटले. तीन फूट. फास सोडला होता. कारण: घाई आणि मस्ती. खुंट होता म्हणून वाचलो.'

खाली आणखी एक: 'पंचवीस वर्षांपूर्वी, तारीख आठवत नाही. दोन्ही पाय सुटले. वीस फूट. सायकल निर्दोष.'

पोरीने वाचलं. दुसऱ्या नोंदीपाशी तिचं नाक फुरफुरलं आणि ती वळून उभी राहिली. खांदे हलत होते. हसतेय की रडतेय ते मला कळलं नाही, जावईबापूंनाही नाही. मला वाटतं दोन्ही.

"दहा दिवस तीन फुटांच्या वर नाही," ती म्हणाली.

"बरं."

"मग सुटकेची परीक्षा. मी वर लटकणार, तुम्ही मला खाली आणायचं. नाही जमलं तर शाळेचं काम सोडून द्यायचं."

"शाळेला कळवलंस?"

"आज कळवणार होते," ती म्हणाली आणि फोन खिशात टाकला.

११ मार्च, मंगळवार

तीन फुटांवर दहा दिवस! वखारीतल्या झाडाभोवती मी गोल गोल फिरलो, उजवीकडून, डावीकडून, माकडाला लाज वाटेल असा. फास सोडला नाही, एकदाही नाही. पाय सात वेळा सुटला. सातही वेळा वहीत. पहिल्या वेळी अक्षर वेडंवाकडं आलं, सातव्या वेळी दूध आणलं असं लिहावं तसं लिहिलं. मजा अशी की लिहायला लागल्यापासून प्रत्येक वेळी का सुटला ते कळू लागलं. चारदा गुडघा जवळ आला होता, दोनदा ढांग लांब, एकदा शेजारची मांजर बघत होतो.

वखारीचा मालक सकाळी विचारतो, "काय, आज किती फूट?" मी म्हणतो, "तीन." रोज तितकाच हसतो.

१५ मार्च, शनिवार

पास!

पोरगी चाळीस फुटांवर जाऊन अंग सैल सोडून लटकली, बेशुद्ध पडल्यासारखी. जीभही बाहेर काढली होती, आगाऊ कुठली. मी चढलो. टाच खाली, गुडघे लांब, दर दोन पावलांनी फास. तिच्यापाशी पोचलो, तिचा पट्टा माझ्या पट्ट्याला जोडला, तिचा भार माझ्या दोरावर घेतला आणि सावकाश, दोघं एकदम, खाली. जावईबापू घड्याळ धरून होते. नऊ मिनिटं.

उतरताना तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. चार वर्षांची असताना ती बसमध्ये झोपायची आणि मी तिला असाच उचलून घरी आणायचो. तेव्हाही ती झोपलेली नसायची, मला माहीत होतं.

जमिनीला पाय लागल्यावर ती म्हणाली, "२३ तारखेला खालचा अर्धा मी. वरचा अर्धा तुमचा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. वरचा म्हणजे शेंडा, सगळ्यात अवघड.

"माझा?"

"माझ्यापेक्षा खांब तुम्हाला जास्त कळतो. वर फांद्या संपल्या की तो खांबच आहे."

संध्याकाळी हिने विचारलं, गात काय सुटलात. मी गात होतो!

२३ मार्च, रविवार

उतरवलं!

सविस्तर लिहितो. सुट्टीची शाळा रिकामी. मुख्याध्यापिकाबाई स्वतः झाडू घेऊन व्हरांड्यात बसलेल्या. म्हणाल्या, शिपायालाही सुट्टी आहे. वाचनालयाच्या छपरावर आम्ही आधी जाड फळ्या टाकल्या. झाड सत्तर फूट, वाळून पांढरं पडलेलं. साल ठिकठिकाणी सुटलेली, म्हणून चढताना छोट्या कुऱ्हाडीने साल उडवत उडवत जायचं, की काटा थेट लाकडात रुततो.

साठ फुटांवर शेंड्याला खाच घेतली. फास बघितला, कमरेचा दोर बघितला, खाली ओरडलो, "दोन्ही आहेत!" पोरीने हात वर केला. करवत चालवली. शेंडा कुरकुरला, झुकला, मोडला आणि मैदानाच्या बाजूला दोरावर गेला. त्याचं वजन गेल्याबरोबर खोड मागे उसळलं आणि मला घेऊन डुलायला लागलं, चार फूट इकडे, चार फूट तिकडे. खोडाला घट्ट मिठी मारावी असं सगळं अंग ओरडत होतं. मी मागे रेललो. डुललो. आणि मोठ्याने हसलो, एकटाच, सत्तरातल्या साठाव्या फुटावर, छप्पन्नाव्या वर्षी. असं सुख मला वाटत नाही पुन्हा कुठे मिळेल.

सहाव्या ओंडक्यानंतर खाली सरकताना डावा काटा सुटला. सालीचा एक पापुद्रा राहून गेला होता, माझ्याच कुऱ्हाडीतून. उजव्यावर भार आला, तोही निघाला. फासाने कच्चकन आवळलं आणि मी जागच्या जागी लटकलो. मी वाचनालयाच्या बाजूला होतो, खोड मध्ये. खालून कुणालाच काही दिसलं नाही. काटे परत रोवले असते आणि पुढे गेलो असतो तर पृथ्वीवर कुणाला कळलं नसतं. खरं सांगायचं तर अर्धा क्षण तो विचार आला, जुन्या सवयीने, डोकावून गेला.

"पाय सुटला!" मी ओरडलो.

"किती?" पोरीचा आवाज.

"वीतभर! फासाने धरलं!"

"लागलं?"

"नाही!"

खोडाआडून मान काढून मी खाली पाहिलं. मला वाटलं आता म्हणेल उतरा. तिचा हात तिच्या पट्ट्यावर होता, एक पाय खोडाकडे आलेला. मग तिने तो पाय मागे घेतला.

"वर तुम्ही आहात," ती ओरडली. "तुम्ही सांगा. येता की पुढे?"

मी श्वास मोजले. पाय तपासले. हात तपासले, थरथरत नव्हते. "दोन मिनिटं बसतो. मग पुढे."

"बसा!" ती म्हणाली. आणि मग काय केलं असेल तिने? ओंडक्यावर टेकली, डबा उघडला आणि पट्ट्याची छातीवरची दोन बकलं सैल केली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, मी वर असताना.

अर्ध्यावर आलो तेव्हा अदलाबदल झाली. ती वर, मी खाली, पट्टा बांधून. वर बघता बघता मान आखडली. तिचं एकेक पाऊल मी मोजत होतो. ती माझ्यापेक्षा शंभर पट चांगली चढते, तरी मी तासभरात तीसेक वेळा "टाच खाली!" म्हणालो असेन. शेवटी जावईबापू म्हणाले, "बाबा, तिने चहा होईपर्यंत तुम्हाला गप्प बसवायला सांगितलंय." कोपऱ्यावरच्या त्या दोन वर्षांचा हिशेब तासाभरात कळतो म्हणणार नाही मी. पण चव कळली.

चार वाजता बुंधा तेवढा राहिला. मुख्याध्यापिकाबाई त्यावर चढून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, वाचनालयात आता ऊन येईल. पुढच्या वर्षीची मैदानाच्या कडेची चार झाडंही आम्हालाच दिली.

घरी आलो. हिने दार उघडलं, मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. भुसा केसांत, नाकात, खिशात. मी बूट काढत होतो तर ही तिथेच उभी. पदराशी चाळा करत म्हणाली,

"मग? पाय सुटला का?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं तिने.

"सुटला," मी म्हणालो. "एकदा. वीतभर. दोराने धरलं."

तिने जेवणाच्या टेबलावर हात पसरला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"माझी वीत की तुमची?"

"माझी."

"मग जरा जास्तच की हो," ती म्हणाली, आणि तिला जे हसू फुटलं ते थांबेचना. मग मलाही फुटलं. दोघंही टेबल धरून उभे, डोळ्यांतून पाणी. शेवटी तिनेच माझ्या केसांतला भुसा झटकायला घेतला.